कासऱ्यापासून चाकूच्या गोंड्यापर्यंत : आमची वाटचाल

खिशातल्या चाकूला लावायच्या दोऱ्या आणि गोंडे तयार करणे हा आज आमचा मुख्य व्यवसाय आहे, हे ऐकून बाहेरगावच्या व्यापाऱ्यांना नवल वाटते. वरूड तालुक्यातील शेतकऱ्याला ते वाटत नाही, कारण चाकू त्याच्या रोजच्या वापरातला असतो आणि संत्र्याच्या बागेत पडलेला चाकू शोधण्यात किती वेळ जातो हे त्याला ठाऊक असते.

आमच्या घरात दोरकाम पूर्वीपासून होते. वडील अंबाडीच्या वाखाचे कासरे, दावी आणि म्होरक्या वळत, आई आणि काकू पोळ्यासाठी लोकरीचे व सुताचे गोंडे बांधत, आणि श्रावण सरत आला की वरूड-मोर्शीच्या बाजारात आमचे दुकान लागे. पुढे ट्रॅक्टर वाढले, बैलजोड्या कमी झाल्या, अंबाडीचा पेरा घटला आणि नायलॉनचा तयार कासरा कोणत्याही दुकानात वजनावर मिळू लागला. घरातल्या माणसांच्या हातात कसब होते, पण त्याला गिऱ्हाईक उरले नव्हते.

नवे काम आले ते शेंदुरजनाघाटच्या बाजूने. हा परिसर संत्र्याच्या रोपवाटिकांसाठी ओळखला जातो. तेथील एका रोपवाटिकाधारकाने आपल्याकडील डोळे भरणाऱ्या, म्हणजे कलमे करणाऱ्या, कारागिरांच्या चाकूंना दोऱ्या करून द्याल का, अशी विचारणा केली. हे काम ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगतो. जंबेरीच्या, म्हणजे एका जातीच्या लिंबाच्या, खुंटावर आडवा आणि उभा छेद घ्यायचा, साल अलगद उचलायची, संत्र्याचा डोळा त्या खाचेत सरकवायचा आणि वरून पॉलिथिनची पट्टी घट्ट गुंडाळायची. पट्टी बांधताना दोन्ही हात गुंततात आणि त्या वेळी चाकू कोठे ठेवायचा हा प्रश्न प्रत्येक रोपापाशी नव्याने उभा राहतो. कारागीर तो जमिनीवर ठेवतात किंवा दातांत धरतात. दातांत उघडे पाते धरण्याचा धोका उघड आहे. जमिनीवर ठेवण्याचा धोका पटकन दिसत नाही. मूळकूज आणि डिंक्या या रोगांना कारण ठरणारी फायटोफ्थोरा बुरशी मातीतच असते, आणि म्हणूनच डोळा जमिनीपासून साधारण 20 ते 25 सेंटिमीटर उंचीवर भरला जातो. एवढी उंची राखायची आणि पाते मात्र त्याच मातीत टेकवायचे, हे कोणत्याही जाणकाराला पटणार नाही.

दोरी म्हटली की आधी मनगटाचा फास डोळ्यांसमोर येतो. जहाजावरच्या माणसाला तो सोयीचा असेल. ब्रिटिश आरमारातील खलाशी तर चाकू गळ्यातल्या दोरीला अडकवत, कारण डोलकाठीवरून सुटलेला चाकू खालच्या माणसाच्या जिवावर बेतू शकतो. रोपवाटिकेत वाकून बसलेल्या माणसाची गरज वेगळी आहे. मनगटाला लोंबकळणारे उघडे पाते पट्टी बांधताना त्याच्याच बोटांवर किंवा मांडीवर येते. एका वयस्क कारागिराने दोरी हातात घेऊन पाहिली आणि विचारले, “भाऊ, हे हाताले गुतत राह्यली तं मी डोया कसा भरू?” त्यांच्या या प्रश्नावरून आमच्या पहिल्या मालाचे माप ठरले. दोरी कमरेच्या पट्ट्याला, चाकूसाठी उजव्या बाजूला चामड्याची उघड्या तोंडाची म्यान, आणि लांबी कमरेपासून पुढे केलेल्या हाताइतकी. चाकू वापरला की म्यानेत जातो. दोरीचे काम तो हातून निसटला तरच सुरू होते. दोरी फार लांब ठेवली तर सुटलेला चाकू जमिनीपर्यंत जातो आणि आखूड ठेवली तर पुढच्या रोपापर्यंत हात पोहोचत नाही, म्हणून आम्ही ही दोरी अजूनही माणसाच्या अंगावर मोजूनच कापतो.

दोरी कशाची असावी यावर आम्ही सर्वांत जास्त वेळ खर्च केला आहे. सुती दोरी हाताला मऊ लागते, पण घाम आणि पाणी धरून ठेवते आणि ओली झाली की गाठ इतकी आवळते की सुटता सुटत नाही. नायलॉन मजबूत आणि लवचीक असते आणि बाहेरच्या चाकूप्रेमींमध्ये पॅराशूटच्या दोरीला मोठा मान आहे. या दोरीच्या सर्वांत प्रचलित प्रकाराची जाडी सुमारे 4 मिलिमीटर असते, विणलेल्या आवरणाच्या आत साधारणपणे 7 धागे असतात आणि ती 550 पौंड, म्हणजे जवळपास 250 किलो ताण सोसते. रोपवाटिकेत मात्र रोगाचा प्रसार टाळण्यासाठी चाकू वारंवार सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवावा लागतो आणि हे क्लोरीनयुक्त द्रावण नायलॉनचा धागा हळूहळू कमजोर करते. पॉलिस्टर त्याला बऱ्यापैकी टिकते आणि पाणीही कमी शोषते. त्यामुळे डोळे भरणाऱ्यांसाठी आम्ही फक्त पॉलिस्टर वापरतो, आणि चाकू व दोरी यांच्यामध्ये पितळी कडी ठेवतो, म्हणजे बुडवण्यापूर्वी दोरी काढता येते. भिजलेली दोरी मुठीच्या भोकाशी तशीच राहिली तर तेथूनच लोखंड गंजायला लागते.

250 किलो ताण सोसणारी दोरी कमरेला किंवा मनगटाला बांधणे ही अभिमानाने सांगण्याची गोष्ट नाही, हे आम्ही प्रत्येक ग्राहकाला आवर्जून सांगतो. थ्रेशर, कडबा कुट्टी यंत्र किंवा ट्रॅक्टरचा फिरता दांडा दोरी पकडतो तेव्हा तुटणारी दोरी माणसाला सोडते, न तुटणारी दोरी त्याला आत ओढते. आमच्या कमरेच्या दोरीत पट्ट्याजवळ साध्या सुती धाग्याचा एक जोड असतो, जो चाकूचे वजन पेलतो पण जोराच्या हिसक्याला तुटतो. जो ग्राहक यंत्रावर काम करतो असे सांगतो त्याला आम्ही लांब दोरी विकतच नाही. त्याने खिशात मावणारा आखूड गोंडा घ्यावा किंवा काहीच लावू नये.

हा आखूड गोंडा आता आमच्या विक्रीचा मोठा भाग आहे. घडीचा चाकू खोल खिशात तळाशी जातो आणि किल्ल्या, सुपारीची डबी, चिल्लर यांच्यात सापडत नाही. खिशाबाहेर 6 ते 8 सेंटिमीटर गोंडा दिसत राहिला की दोन बोटांनी चाकू वर येतो. लहान चाकूची मूठ तीन बोटांतच संपते; तेथे गोंडा करंगळीखाली येतो आणि पकड भरते. चिखलाने किंवा संत्र्याच्या रसाने चिकट झालेल्या हाताला हा फरक लगेच जाणवतो.

गोंडा बांधण्यात एक बारकावा आहे. चाकू मिटल्यावर पात्याचे टोक मुठीच्या मागच्या बाजूस, म्हणजे दोरीच्या भोकाजवळच येते. दोरी तेथे सैल असेल तर ती पात्याच्या खाचेत शिरते. मग एक तर पाते पूर्ण मिटत नाही किंवा दोरीच कापली जाते. त्यासाठी पहिली गाठ भोकाला अगदी लागून यावी लागते. भोकही लहान असते, 4 मिलिमीटरची दोरी दुहेरी करून त्यातून जात नाही. आम्ही 2 मिलिमीटरची दोरी दुहेरी करून भोकातून काढतो, तिच्याच फाशातून टोके ओढून घेतो आणि पुढे वीण सुरू करतो. पोळ्याच्या गोंड्याच्या गाठी आमच्या घरात सर्वांना येत होत्या, त्यामुळे ही वीण बसवायला फारसा त्रास झाला नाही. आडव्या विणीच्या पट्टीला एका इंचामागे साधारण एक फूट दोरी लागते, हा हिशेब नवीन शिकणाऱ्या मुलींना सुरुवातीलाच सांगितला जातो, कारण शेवटच्या गाठीला दोरी कमी पडली की सगळी वीण उसवावी लागते. वितळवलेले टोक चमच्याच्या पाठीने दाबून गोल करतात. टोकदार राहिले तर ते कोवळ्या खुंटाची साल ओरखडते, आणि बोटाने दाबू पाहिले तर वितळलेला धागा कातडीला चिकटून खोल भाजतो.

रंगाबाबत सुरुवातीला सर्वांचीच मागणी संत्र्याच्या रंगाची असे, आणि गावाच्या दृष्टीने ते स्वाभाविक होते. परंतु आंबिया बहराची फळे गळून पडलेली असताना त्या रंगाचा गोंडा जमिनीवर दिसतच नाही, आणि हिरवा गवतात हरवतो. बागेत निळा आणि गडद गुलाबी हे दोनच रंग लांबून ओळखू येतात. काळ्या गोंड्याची मागणी तरुण मुलांकडून येते. तो आम्ही करतो, पण शेतासाठी घेऊ नका असे सांगूनच देतो.

भंडाऱ्याच्या बाजूला माजी मालगुजारी, म्हणजे पूर्वीच्या मालगुजारांच्या काळातील, तलावांवर मासेमारी करणाऱ्यांनी आमच्याकडे पाण्यावर तरंगणारा गोंडा मागितला, तेव्हा आम्ही हिशेब करून पाहिला. 50 ग्रॅम पोलाद पाण्यात सुमारे 44 ग्रॅम भरते आणि बुचाचा एक घन सेंटिमीटर तुकडा जेमतेम 0.8 ग्रॅम उचलतो. म्हणजे किमान 55 घन सेंटिमीटर बूच हवे, जे आकाराने साधारण दोन माचिसपेट्यांएवढे होते. जाळ्यात काम करणाऱ्या हाताला एवढा गोळा अडचणीचाच होणार, म्हणून त्यांना आम्ही होडीच्या फळीला अडकवायची दोरी सुचवली. त्यासाठी तेथे केलेल्या फेरीत पितळी मण्यांसाठी तेथील एका कारागिराशी ओळख झाली. भंडाऱ्याचे पितळकाम जुने आहे आणि मणी आतून नीट घासलेला असतो, त्यामुळे दोरी चिरत नाही. मणी आम्ही फक्त खिशातल्या गोंड्याला लावतो. रोपवाटिकेच्या मालाला तो नाही, कारण लोंबता जड मणी खुंटावर आपटतो.

ऑनलाइन विक्री सुरू झाल्यापासून लोक कायद्याबद्दल विचारतात. 1959 च्या शस्त्र कायद्याखालील 2016 च्या नियमांत 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याच्या चाकूंचा शस्त्रांमध्ये उल्लेख आहे आणि घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय व औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारे त्यातून वगळलेली आहेत. खिशातला साधा घडीचा चाकू त्या मापाच्या बराच आत असतो. विमानाच्या केबिनमध्ये मात्र चाकू नेता येत नाही. प्रवासात गोंडा आणि किल्ल्या सोबत ठेवून चाकू सामानात द्यावा.

आज वीण घालण्याचे काम गावातील बचत गटातील महिला करतात. मजुरी नगावर आहे आणि उसवून पुन्हा विणलेल्या नगाचेही पैसे दिले जातात, अन्यथा घाईत सैल गाठ तशीच पुढे जाते. प्रत्येक गोंडा पाकिटात जाण्यापूर्वी हाताने ओढून पाहिला जातो. कमरेच्या दोरीचा सुती जोड दर हंगामाला बदलावा लागतो, म्हणून दोरीबरोबर दोन जादा जोड आम्ही विनामूल्य देतो, आणि रोपवाटिकांत डोळे भरण्याचे काम सुरू होण्यापूर्वी जुन्या दोऱ्या आमच्याकडे आणल्यास त्यांची कडी आणि गाठ तपासून परत देतो. पोळ्याच्या आधीचा महिना मात्र आजही कासरे आणि बैलांच्या गोंड्यांसाठी राखून ठेवलेला असतो, त्यामुळे त्या काळात चाकूच्या दोऱ्यांची मागणी नोंदवणाऱ्यांनी थोडा उशीर गृहीत धरावा.