आम्ही सॅटर्नवाले

३० सप्टेंबर, रात्री

आज ३० सप्टेंबर. २००९ साली याच तारखेला बातमी आली होती की अमेरिकेतले गाड्यांचे मोठे व्यापारी रॉजर पेन्स्की यांनी सॅटर्न ही गाड्यांची कंपनी विकत घ्यायचा सौदा सोडून दिला, आणि लगेच तिची मालक जीएम म्हणजे जनरल मोटर्सनेही सांगून टाकलं की मग सॅटर्न बंद. इतकी वर्षं झाली तरी ही तारीख आली की मला लागतंच. नवरा म्हणतो, अगं गाडीची कंपनी ती, अशा कितीतरी बंद पडल्या. पडल्या असतील. पण आम्ही सॅटर्नवाले त्या गाडीवर एवढा जीव का लावत होतो हे एकदा नीट लिहून ठेवायचं बरेच दिवस मनात होतं, आज मुहूर्त लागला.

मी १९९९ ला अमेरिकेत, नॅशव्हिलला आले. नोकरी हातात, लायसन्स नवंकोरं, आणि गाडी नाही. इथे गाडीशिवाय दूधसुद्धा आणता येत नाही. एकटी मुलगी, बोलण्याचा ढंग वेगळा, क्रेडिट हिस्टरी शून्य, अशी मी शोरूम फिरत होते आणि सगळीकडे एकच प्रकार, किंमत विचारली की सेल्समन मॅनेजरला विचारून येतो म्हणून आत जायचा, मग बाहेर येऊन वेगळाच आकडा सांगायचा, मग महिन्याचा हप्ता किती झेपेल ते विचारायचा, आणि तासाभराने आपण दमून कुठल्यातरी कागदावर सही करावी अशी सगळी रचना. ऑफिसातल्या एका बाईने सांगितलं, तू सॅटर्नला जा, तिथे घासाघीस नसते.

आणि खरंच नव्हती. गाडीच्या काचेवर किंमत लिहिलेली, तीच सगळ्यांना. बाई असो पुरुष असो, गोरा काळा तपकिरी कोणीही असो, आकडा तोच. आवडली नाही तर ३० दिवसांत परत आणा म्हणाले. आता लिहिताना साधं वाटतंय पण परक्या देशात नव्याने आलेल्या माणसाला तो केवढा आधार होता ते मलाच माहीत. मी त्यांची एसएल१ नावाची छोटी गाडी घेतली, गडद हिरवी, मॅन्युअल, कारण क्लच-गिअरची सवय होती आणि स्वस्तही पडत होती. चावी देताना शोरूममधली सगळी माणसं हातातलं काम सोडून गाडीभोवती जमली, टाळ्या वाजवल्या, माझा गाडीसोबत फोटो काढून दिला. ही त्यांची रीतच होती, प्रत्येक गिऱ्हाइकासाठी. घरी आल्यावर मी बॉनेटवर हळदकुंकू लावून नारळ फोडला आणि तो फोटो आईबाबांना पोस्टाने पाठवला.

बाबा पिंपरीला कारखान्यात होते, युनियनचं काम आयुष्यभर केलेलं. त्यांना गाडीपेक्षा कंपनीत जास्त रस. फोनवर मी सांगितलं की बाबा, ही कंपनी जीएम आणि युनियन दोघांनी मिळून उभी केलीय, तर त्यांना पटेचना.

पण तसंच होतं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला होंडा-टोयोटाच्या छोट्या गाड्यांनी डेट्रॉइटला, म्हणजे अमेरिकन गाडी कंपन्यांना, घाम फोडला होता. स्वस्त, टिकाऊ, कमी पेट्रोल खाणारी गाडी अमेरिकेत बनवून नफा काढणं जीएमला जमत नव्हतं. मग १९८२ पासून आत एक प्रोजेक्ट सुरू झाला, नाव सॅटर्न, चंद्रावर माणूस नेणाऱ्या रॉकेटवरून. जानेवारी १९८५ मध्ये जीएमचे चेअरमन रॉजर स्मिथ यांनी ती वेगळी कंपनी म्हणून जाहीर केली. यूएडब्ल्यू या गाडी कामगारांच्या युनियनचे नेते डॉन एफलिन यांनी या कल्पनेला मनापासून साथ दिली. युनियनशी झालेला करार आखीव नियमांच्या जाडजूड पोथीसारखा नव्हता, छोटा होता, आणि त्यात मुख्य गोष्ट ही की निर्णय दोघांनी मिळून घ्यायचे. कामगारांच्या छोट्या टीम, आपलं काम आपण ठरवायचं, पगाराचा एक हिस्सा क्वालिटीवर आणि उत्पादनावर अवलंबून. कारखान्यासाठी राज्याराज्यांत चढाओढ लागली होती, शेवटी निवड झाली टेनेसीतल्या स्प्रिंग हिलची, नॅशव्हिलच्या दक्षिणेला, तेव्हा जेमतेम दीड हजार वस्तीचं शेतीचं गाव. मिशिगनमधून कितीतरी कामगार जुनी सीनिऑरिटी सोडून, घरं विकून तिथे आले. हे मला फार मोठं वाटतं. चाळिशीच्या माणसाने अजून एकही गाडी न बनलेल्या कंपनीसाठी गाव सोडायचं!

पहिली गाडी ३० जुलै १९९० ला बाहेर पडली. स्वतः रॉजर स्मिथ आणि युनियनचे अध्यक्ष ओवेन बीबर एकाच गाडीत बसून ती लाइनवरून बाहेर घेऊन आले. बाबांना हे सांगितलं तेव्हा फोनवर जरा वेळ काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले, फोटो मिळतो का बघ.

पुढे बाबा इथे आले तेव्हा आम्ही त्यांना प्लँटची टूर करून आणली. तिथे असेंब्ली लाइनवर लाकडी फळ्यांचे मोठे सरकते प्लॅटफॉर्म होते, गाडी त्यावर आणि कामगारही त्यावरच उभा, म्हणजे गाडीमागे चालत पळत काम करायला नको, ती आणि तो सोबतच पुढे सरकणार. बाबा तिथे इतके रेंगाळले की टूरवाली मुलगी थांबून राहिली. ॲल्युमिनियमचे इंजिन ब्लॉक फोमच्या साच्यावर ओतून तिथेच बनायचे, तेही दाखवलं, पण बाबांच्या डोक्यात ती लाकडी फळीच राहिली. परतल्यावर युनियनच्या जुन्या मित्रांना ते महिनाभर तेच सांगत होते.

आता गाडीबद्दल. खरं सांगायचं तर गाडी म्हणून ती साधीच होती. १.९ लिटरचं चार सिलेंडर इंजिन, माझ्या एसएल१ ला १०० हॉर्सपॉवर, एसएल२ ला डबल कॅमचं १२४ वालं. हायवेला चढताना इंजिन मिक्सरमध्ये दाणे घातल्यासारखं आवाज करायचं. सीट खाली, डॅशबोर्ड एकदम साधा. पण ॲव्हरेज! हायवेवर गॅलनला ४० मैल मिळत होते, म्हणजे लिटरला १७ किलोमीटर, आणि पगार कमी असताना त्याचं महत्त्व वेगळंच. टायमिंग बेल्टच्या जागी चेन, त्यामुळे तो बदलायचा खर्च नाही. ऑटोमॅटिकवाल्यांना तर गिअरबॉक्सचा फिल्टरसुद्धा ऑइल फिल्टरसारखा बाहेरून फिरवून काढता यायचा, कोणीतरी डोकं लावून, पुढे हाताने काम करणाऱ्या माणसाचा विचार करून ते केलं होतं.

आणि ते दरवाजे. पोलादी सांगाड्यावर दरवाजे, फेंडर, बंपर सगळे पॉलिमरचे, बॉनेट छप्पर आणि डिकी तेवढी पत्र्याची. पार्किंगमध्ये शॉपिंग कार्ट येऊन आपटली तरी पोचा नाही. गंज नाही. त्याची दुसरी बाजूही आहे, प्लास्टिक उन्हात पसरतं म्हणून पॅनलच्या मधल्या फटी रुंद ठेवाव्या लागल्या आणि त्यावरून लोक नावं ठेवायचे, शिवाय खूप थंडीत ते तडकतं. जुन्या एस सिरीजची (माझी एसएल१ त्यातलीच) सगळ्यांना माहीत असलेली खोड म्हणजे ऑइल पिणं. पिस्टनच्या रिंगमागे ऑइल परत खाली जायला पुरेशी वाट ठेवली नव्हती, त्यामुळे मैल वाढले की इंजिन ऑइल जाळायचं. म्हणून प्रत्येक सॅटर्नवाला दुसऱ्याला हेच सांगतो की पेट्रोल भरलं की डिपस्टिक बघ. जे बघत राहिले त्यांच्या गाड्या २ लाख मैलांच्या पुढे गेल्या, ज्यांनी नाही बघितलं त्यांचं इंजिन गेलं.

चुका झाल्या तेव्हा कंपनी कशी वागली हे मात्र विसरता येत नाही. १९९१ मध्ये चुकीचं कूलंट भरलं गेलं तर १,८०० हून जास्त गाड्या दुरुस्त करत न बसता सरळ बदलून नवीन दिल्या. जून १९९४ मध्ये सगळ्या मालकांना स्प्रिंग हिलला बोलावलं, होमकमिंग म्हणून, आणि ४०,००० च्या वर माणसं आपापल्या गाड्या चालवत आली, भर पावसात वादळात! स्वस्तातल्या गाडीच्या कारखान्याची यात्रा भरते हे दुसरीकडे कुठे झालेलं मी तरी ऐकलं नाही. त्याच वर्षी २,८६,००० गाड्या विकल्या गेल्या, तो त्यांचा उच्चांक.

तिथून पुढे मला राग येतो.

लोक म्हणतात मंदीने सॅटर्न मारली. माझं म्हणणं तसं नाही. १९९० ला आलेल्या एस सिरीजशिवाय दुसरी गाडीच जीएमने जवळजवळ दहा वर्षं दिली नाही. शेवरले, पोंटिॲक, ओल्ड्समोबिल या जीएमच्या बाकीच्या ब्रँडवाल्यांना वाटायचं की आपल्या वाट्याचा पैसा या लाडक्या लेकराला जातोय, आणि छोट्या गाडीत नफाही कमी. युनियनमध्येही एफलिन पदावरून गेल्यावर वरच्या नेत्यांना हा वेगळा करार नकोच होता. शेवटी २००० च्या मॉडेलला एल सिरीज आली ती जीएमच्याच तेव्हाच्या युरोपातल्या ओपेल कंपनीच्या गाडीवरून बेतलेली आणि बनली डेलावेअरमध्ये. मग २००३ ची आयन आली, मीटर डॅशबोर्डच्या मधोमध, आतलं प्लास्टिक हलकं, मी शोरूममध्ये जाऊन बसून बघितली आणि उतरले. याच आयनचा किल्लीचा इग्निशन स्विच पुढे सदोष निघाला, २०१४ मध्ये गाड्या दुरुस्तीला परत बोलावल्या त्या मोठ्या रिकॉलमध्ये ती होती, जीएमच्या त्या स्विचमुळे वेगवेगळ्या मॉडेल्समध्ये मिळून १२४ माणसं गेली. ज्या नावावर आम्ही विश्वास ठेवला त्या नावाखाली हे झालं, ते वाचून मी खूप रडले होते.

स्प्रिंग हिलच्या कामगारांनी २००३ च्या डिसेंबरात तो खास करार सोडून बाकी जीएमसारखाच करार घ्यायला मत दिलं. त्यांचा दोष नाही, नवीन गाडी मिळत नव्हती, नोकऱ्या चालल्या होत्या. पण माझ्या लेखी सॅटर्न तिथे संपली. २००७ पासून तर स्प्रिंग हिलमध्ये सॅटर्न बनतच नव्हती. तो करार गेल्यानंतर आलेल्या गाड्या उलट चांगल्या होत्या. ऑरा २००७ ची नॉर्थ अमेरिकन कार ऑफ द इयर झाली, स्काय नावाची दोन सीटची उघडी गाडी तर इतकी देखणी होती की सिग्नलला लोक वळून बघायचे. ॲस्ट्रा बेल्जियमहून यायची. गाड्या आल्या, पण ज्या गोष्टीसाठी सॅटर्न काढली ती गोष्ट तोवर मोडून झाली होती.

१ जून २००९ ला जीएम दिवाळखोरीत गेली. पेन्स्की शोरूमचं जाळं घेणार होते, जीएम थोडे दिवस गाड्या बनवून देणार आणि पुढच्या गाड्या दुसऱ्या कंपनीकडून, ती फ्रान्सची रेनॉ असणार होती, तिच्या बोर्डाने नाही म्हटलं आणि सगळं कोसळलं. आम्ही तेव्हा खरंच आशा लावून बसलो होतो. वर्षभरात शोरूम बंद झाले.

स्प्रिंग हिल आता ५०,००० हून जास्त वस्तीचं शहर झालंय. प्लँटमध्ये जीएमच्याच कॅडिलॅक गाड्या बनतात, इलेक्ट्रिकसुद्धा. आणि हायवेवरून गावात जाणाऱ्या रस्त्याचं नाव अजून सॅटर्न पार्कवे आहे, बदललं नाही कोणी. कधीच बदलू नये असं मला वाटतं.

माझी एसएल१ आहे अजून. आमच्या गल्लीतले एक आजोबा मिशिगनमधल्या फ्लिंटहून १९९० मध्ये इथे आलेले, प्लँटमधून रिटायर झालेत, माझी गाडी बघितली की थांबून बोनेट उघडायला लावतात. परवा त्यांना विचारलं की एवढं सगळं झाल्यावर इकडे आल्याचा पश्चात्ताप होतो का, तर म्हणाले, आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला विचारलं होतं की हे काम कसं करायचं, त्याचा कसला पश्चात्ताप. बाबांना हे ऐकायला हवं होतं, पण आता ते नाहीत.

शनिवारी आजोबांबरोबर गिअरबॉक्सचं ऑइल बदलायचंय. लेकीलाही उठवणार आहे, तिला या वर्षी लायसन्स काढायचंय आणि क्लच तिने याच गाडीवर शिकावा अशी माझी फार इच्छा आहे, तिचा बाप काहीही म्हणो.