सातपूरच्या कारखान्यातली सूर्यफुलं: जाण्याआधी हे वाचा

नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या आवारात फुललेल्या सूर्यफुलांचा व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. तो ड्रोनने घेतलाय, हे आधी लक्षात घ्या. प्रत्यक्षात शेत म्हणजे कारखान्याच्या दोन शेडच्या मधला लांबट पट्टा, आणि गेटमधून आत शिरलं की दिसतात फक्त फुलांच्या हिरव्या पाठी. कारण साधं आहे. कळी असेपर्यंत सूर्यफूल उन्हाबरोबर वळतं, पूर्ण उमललं की तोंड पूर्वेला धरून ठेवतं. व्हिजिटर गेट आहे पश्चिमेला. म्हणून आत गेल्या गेल्या मोबाईल काढू नका. कडेच्या मुरमाच्या रस्त्याने वळसा घालून पूर्वेच्या कंपाउंडपाशी जा, तेही सकाळी दहाच्या आत. संध्याकाळी चारला पोचलात तर चेहऱ्यांवर सावली आणि फेरी फुकट.

खरा वैताग आहे सातपूरच्या पपया नर्सरी स्टॉपपासून कारखान्याकडे जाणाऱ्या आतल्या रस्त्याचा. फूटपाथ नाही. दोन्ही बाजूंना ट्रेलर लावलेले, त्यामुळे चालणारा माणूस थेट वाहतुकीत. गटारावरच्या काही फरश्या गायब, त्यात धूळ एवढी की मास्क लागतोच. शिफ्ट सुटते तेव्हा, साधारण तीन-साडेतीनला, कामगारांच्या बस आणि बाईकची अशी झुंबड उडते की पोरांचा हात धरूनही पलीकडे जाता येत नाही. मॅपवरची पिन मेन गेटला नेते. तिथून परत पाठवतात. व्हिजिटर गेट मागच्या गल्लीत, मटेरियल गेटला लागून आहे.

सीबीएसवरून, म्हणजे नाशिकच्या मध्यवर्ती बस स्टँडवरून, सातपूरपर्यंत शेअर रिक्षा आणि सिटीलिंकची सिटी बस दोन्ही मिळतात. तिथून पुढे स्पेशल रिक्षा केली की "रिकामं परत यावं लागतं" म्हणून दुप्पट सांगतात. देऊ नका, चाला. बाहेरच्या मोकळ्या प्लॉटवर गाडी लावायचे पैसे घेतात, पावती नाही. ही सरळ लूट आहे. गेटवरच्या व्हिजिटर पासवर गाडीचा नंबर लिहिला की आत पार्किंग फुकट, पण हे आपणहून कुणी सांगत नाही.

गेटवर ओळखपत्र दाखवावं लागतं. काडेपेटी, लायटर, तंबाखू काढून घेतात. चप्पल असेल तर आत सोडत नाहीत, बंद बूट हवेत. फोटो फुलांचे, शेडकडे कॅमेरा वळवला की सिक्युरिटीवाला शिट्टी मारतो, आणि त्याचं बरोबर आहे.

आत गेल्यावर ओळींमध्ये घुसू नका. पानं आणि देठ खरखरीत असतात, उघड्या हातावर ओरखडे उठतात. फूल जवळून बघा: मधल्या चकतीत बाहेरून आत वर्तुळावर्तुळाने बारीक फुलं उमलत असतात, आणि त्या पिवळ्या परागात मधमाश्या अक्षरशः लोळत असतात. सेंट लावून जाऊ नका. पराग कपड्यावर पडले तर ओल्या रुमालाने पुसलेत की डाग बसलाच; कोरडे झटका, उरलेले सेलोटेपने उचला. पाणी सोडलेल्या दिवशी काळी माती बुटाला अशी चिकटते की पाय उचलवत नाही. बागेच्या नळाचं पाणी पिऊ नका, ते सांडपाण्यावर प्रक्रिया केलेलं असतं. बाटली घरून आणा. स्वच्छतागृह पाहुण्यांसाठी नाही.

नाशिककरांनी थंडीतल्या एखाद्या सकाळी जरूर जावं. मुंबई-पुण्याहून एवढ्यासाठी येऊ नये. बहर पंधरा-वीस दिवसांचा, त्यातले शेवटचे दिवस माना टाकलेल्या फुलांचे. निघण्याआधी गेटवर फोन करून "माना खाली गेल्यात का?" एवढंच विचारा, फुलं कशी आहेत विचारलं तर "चांगली आहेत" हेच उत्तर मिळतं.