रिकामपणाने खोडकर झालेला घोडा आणि त्याला गुंतवून ठेवण्याचा माझा अनुभव

आमच्या पवनच्या खोड्यांची यादी मोठी होती. कडी काढून ठाणातून बाहेर पडणे, पाण्याची बादली पालथी करणे, अंग घासायचा खरारा पळवून गवतात टाकणे, बांधलेल्या दोराची गाठ सोडवणे आणि चारा यायला थोडा उशीर झाला की दारावर पुढच्या पायाने सतत ठोकणे, हे त्याचे रोजचे उद्योग होते. हा घोडा वाईट चालीचा आहे, त्याला वठणीवर आणायला हवे, असा सल्ला अनेकांनी दिला. मला तो पटला नाही, कारण स्वारीच्या वेळी हाच घोडा अतिशय लक्ष देऊन ऐकत असे आणि त्याची प्रत्येक खोडी ठाणावरच्या रिकाम्या वेळातलीच होती.

एकदा मी आडोशाला उभी राहून त्याला कडी काढताना नीट पाहिले. आधी त्याने वरचा ओठ लांब करून कडीच्या दांड्यावर टेकवला, ओठाच्या टोकाने दांडा चाचपला, थोडा वर उचलला आणि मग दातांत धरून आडवा ओढला. दांडा मध्येच अडकला तेव्हा तो थांबला, कान मागे-पुढे केले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दार उघडल्यावर मात्र तो कुठे पळाला नाही, तर शेजारच्या घोडीपाशी जाऊन उभा राहिला. त्याला काय कमी पडते आहे याचे निम्मे उत्तर मला तिथेच मिळाले.

तरीही पहिले काम पशुवैद्यांकडून तपासणी करून घेण्याचे होते, आणि ते कोणीही टाळू नये. जमीन उकरणे, अस्वस्थपणे फिरणे, लाकूड चावणे ही लक्षणे कंटाळ्याची असू शकतात, तशीच ती दुखण्याचीही असू शकतात. घोडा पाय आपटता आपटता वळून स्वतःच्या कुशीकडे पाहत असेल, पुन्हा पुन्हा लोळत असेल किंवा चाऱ्याला तोंड लावत नसेल, तर ती पोटदुखी समजून ताबडतोब डॉक्टरांना बोलवावे लागते. पवनचे दात आणि पोट ठीक असल्याचे कळल्यावरच आम्ही त्याच्या दिनक्रमाकडे वळलो.

मोकळ्या रानात राहणारा घोडा दिवसाच्या २४ तासांपैकी साधारण १६ तास चरण्यात घालवतो. त्याचे जठर शरीराच्या मानाने लहान असते आणि त्यात आम्ल सतत पाझरत राहते, त्यामुळे दोन वेळा भरपेट खाणे आणि मधले तास उपाशी उभे राहणे हे त्याच्या पोटाला मानवत नाही आणि मनालाही नाही. पवनला चारा वेळेवर मिळत होता, पण तो भराभर संपत होता. सुमारे ४०० किलो वजनाच्या घोड्याला दिवसाला निदान ६ ते ८ किलो सुके गवत लागते. तेवढेच गवत आम्ही बारीक छिद्रांच्या जाळ्यांत भरून ठाणात वेगवेगळ्या ठिकाणी टांगू लागलो आणि थोडे जमिनीवर ठेवू लागलो, कारण मान खाली घालून खाणे ही घोड्याची स्वाभाविक पद्धत आहे. जाळी रिकामी झाली की लोंबते आणि तीत पाय अडकू शकतो. नाल मारलेल्या घोड्याच्या बाबतीत हा धोका अधिक असतो. म्हणून रिकाम्या जाळीचे टोक कुठवर येईल हे पाहूनच मी टांगण्याची उंची ठरवली. या एका बदलाने जेवढा फरक पडला तेवढा दुसऱ्या कशानेही पडला नाही, आणि म्हणूनच खेळणी विकत घेण्याआधी चाऱ्याचा हिशोब करा, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगते.

दुसरी गरज सोबतीची होती. घोडा कळपात राहणारा प्राणी आहे; नुसता दुसऱ्या घोड्याचा आवाज ऐकू येणे त्याला पुरत नाही, तर स्पर्शही हवा असतो. शेजारच्या त्या वयस्कर घोडीशी त्याची ओळख आम्ही आधी कुंपणाच्या दोन बाजूंनी करून दिली आणि दोघे शांत राहतात असे दिसल्यावर त्यांना आवारात एकत्र सोडले. पवन तिच्या शेपटीचे केस ओढू लागला की ती कान मागे पाडून त्याला दूर हाकलत असे, आणि ही समज त्याला माझ्या कोणत्याही दटावणीपेक्षा लवकर उमगली. काही काळाने दोघे एकमेकांसमोर उभे राहून एकमेकांची मान संपून पाठ सुरू होते तिथली उंचवट्याची जागा दातांनी खाजवू लागले. त्या जागी खाजवल्याने घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात हे अभ्यासांतून दिसलेले आहे, आणि त्या वेळी पवनचा सैल पडलेला खालचा ओठ पाहिला की त्याची खात्रीच पटत असे.

खेळण्यांचा उपयोग होतो, पण ती सतत समोर असली तर नवलाई टिकत नाही. लोळवल्यावर खाद्याचे दाणे सांडणारा चेंडू त्याला सर्वांत आवडला. आम्ही खेळणी आळीपाळीने देतो आणि मधल्या काळात ती नजरेआड ठेवतो. सुटे दोर, फाटणारे पातळ प्लास्टिक आणि आतून तारा असलेले जुने टायर मी कधीच वापरत नाही. गाजर द्यायचे तर उभे चिरून देते, कारण गोल चकत्या घशात अडकू शकतात.

खरा रस त्याला शिकण्यात होता. काठीच्या टोकाला लावलेल्या चेंडूला नाकाने स्पर्श केला की मी जिभेने एक ठरावीक आवाज काढायची आणि लगेच घास द्यायची. घास असलेल्या हाताकडे तोंड नेले तर काही मिळत नाही, तोंड बाजूला ठेवले तरच मिळते, हा धडा मी सर्वांत आधी दिला. तो न देता घास देणे सुरू केले तर घोडा चावरा होऊ शकतो. पुढे जमिनीवर ठेवलेल्या बांबूंवरून पाय उचलून चालणे, मागे सरकणे, ठरलेल्या जागी उभे राहणे हे तो शिकत गेला. हे पाठ मी थोडक्यात आटोपते आणि त्याला अजून हवे असतानाच थांबते. स्वारी नसेल त्या दिवशी मी त्याला हाताने धरून नव्या वाटेने फिरवते आणि वाटेतल्या वस्तू हवा तेवढा वेळ हुंगू देते.

दार ठोकण्याची सवय सर्वांत चिवट निघाली. ठोकल्यावर कोणीतरी धावत येते, मग ते ओरडायला का असेना, हे त्याला पक्के माहीत होते. दारावर आतून जाड रबर लावून आम्ही पायाला इजा होणार नाही याची काळजी घेतली आणि चारही पाय जमिनीवर स्थिर असतानाच चारा द्यायचा, असा नियम केला. घोड्याची देखभाल करणाऱ्या मोतद्दारापासून घरातल्या मुलांपर्यंत सर्वांनी तो पाळणे आवश्यक होते, कारण एकाने जरी कंटाळून मधेच चारा दिला असता तर घोडा आणखी नेटाने ठोकायला शिकला असता. सुरुवातीला ठोकणे वाढले. प्रतिसाद मिळेनासा झाला की जुनी सवय जाण्याआधी उसळतेच, आणि तो काळ शांतपणे निभावावा लागतो. मग ते हळूहळू ओसरले.

कडीचे वेड मात्र गेलेले नाही. दाराच्या खालच्या बाजूला, त्याचा ओठ पोहोचणार नाही पण आग लागल्यास माणसाला एका झटक्यात उघडता येईल, अशी दुसरी कडी आम्ही बसवली आहे. आता आमचे लक्ष रात्रीकडे आहे, कारण घोडा थोडाच वेळ झोपतो आणि रात्रीचे तास लांबतात. शेवटची जाळी मी शक्य तितक्या उशिरा टांगते. पहाटे तीत चार काड्या शिल्लक असतील तर प्रमाण बरोबर ठरते, आणि जाळी पूर्ण रिकामी असून दाराच्या कडेवर दातांच्या ताज्या खुणा दिसल्या तर त्या रात्रीपासून गवत वाढवते.