डावीकडून का उजवीकडून?

मागच्या डिसेंबरात एका मामांना मी सायकलने पाडणार होतो. ते वाचले, मी पडलो.

दर रविवारी पहाटे मी सोलापुरातून तुळजापूर रोडने निघतो. हिप्परग्याचा तलाव लागला की पाच मिनिटं थांबायचं. तलाव इंग्रजांच्या काळातला, 1871 सालचा, कागदोपत्री नाव एकरुख. थंडीत तिथं पाहुणी पाखरं उतरतात. पुढं माळावर शिरणारी एक पाऊलवाट आहे, जेमतेम दोन हात रुंद. एका बाजूला बाभळी, दुसऱ्या बाजूला तूर. मुद्दाम तिच्यासाठी मी जुनी एमटीबी, म्हणजे डोंगरवाटांची सायकल घेतली, जाड गोट्यांच्या टायरची.

त्या दिवशी मामा पुढं चालले होते. डोक्याला मफलर, हातात काठी, तोंडात कडुलिंबाची काडी. मी दहा फुटांवर आल्यावर घंटी वाजवली. घंटी वाजवली म्हणजे आपलं काम झालं, असा माझा समज. मामा दचकले, डावीकडे सरकले, मग मागं बघायला वळले ते नेमके उजवीकडे, माझ्यासमोर. मी पुढचा ब्रेक दाबला आणि सायकलच्या आधी मीच तुरीत पोचलो.

मामांनी आधी विचारलं, "लागलं का रे?" गुडघा सोलला होता. मग म्हणाले, "घंटी ऐकली की मी कुठं सरकू ते कसं कळावं? डावीकडनं येतूस का उजवीकडनं, ते तोंडानं सांग की."

त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. घंटी फक्त कुणीतरी आलंय एवढंच सांगते. माणूस वळून बघतो आणि ज्या बाजूला मान वळते त्याच बाजूला अंग झुकतं. म्हणून आता मी लांबूनच, तीस-चाळीस पावलांवरून हाक देतो, "मामा, उजवीकडनं जातो ओ!" आणि त्यांनी हात केल्याशिवाय पुढं जात नाही. जाताना वेग चालण्याचाच. अजून एक गोष्ट लक्षात आली. पॅडल मारायचं थांबवलं की मागच्या चाकाचा फ्रीव्हील टरटर वाजतो. तो आवाज घंटीपेक्षा सौम्य, लांबून येणारा आणि दचकवणारा नाही. आता माणूस दिसला की मी आधी पॅडल थांबवतो.

माझा भाचा इंग्लंडात असतो. तो सांगतो, तिकडं घोड्यांसाठीच्या वाटांवर, ज्यांना ब्राइडलवे म्हणतात, सायकलला 1968 च्या कायद्यानं परवानगी मिळाली, पण चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यायची या अटीवर. नुसत्या पायवाटेवर सायकलस्वाराला तसा हक्क नाही. आपल्याकडं माळावर घोडे कुठले, शेळ्या-मेंढ्या आहेत. कळप आला की मी उतरतो, सायकल बाजूला धरतो आणि धनगर सांगेल तसं करतो. कळपातनं सायकल घातली तर मेंढ्या पांगतात. त्या गोळा करता करता त्याची अर्धी सकाळ जाते, आणि त्याचा कुत्रा आपल्या पोटऱ्यांकडे बघत बसतो.

कोजागरीला तर सायकल काढायचीच नाही. सोलापुरातून तुळजापूरला भक्तांचा लोंढा पायी निघतो, कित्येक जण अनवाणी. त्यात चाक घुसवणाऱ्याला काय म्हणावं!

चालणाऱ्यांचंही एक सांगतो, कुणाला राग आला तरी. दोन्ही कानांत इअरफोन घालून चौघं जण हात पसरून, गप्पा मारत चालले तर मी कितीही ओरडलो तरी उपयोग नाही. एक कान तरी मोकळा ठेवा.

खरी लाज मात्र मला यंदा वाटली. ऑक्टोबरात परतीचा पाऊस झाला, आणि दोनच दिवसांनी मला राहवेना, म्हणून मी त्याच वाटेवर गेलो. काळी माती टायरला चिकटून फोर्कमध्ये, म्हणजे चाक धरणाऱ्या चिमट्यात भरली, चाक फिरेना. काडीनं माती उकरत, सायकल ढकलत घरी आलो. हे झालं माझं नुकसान. वाटेचं काय झालं ते पंधरा दिवसांनी कळलं. माती वाळली होती आणि टायरची चाकोरी दगडासारखी घट्ट होऊन बसली होती, चार बोटं खोल. पाय वाकडा पडायला एवढी पुरे.

मामा तिथंच बसले होते. काठीनं चाकोरीत दाखवत म्हणाले, "हे गोट्यांचं नक्षीकाम कुणाचं रं?" त्या वाटेवर असलं टायर बहुधा माझंच. घरी जाऊन शेजारच्या गवंड्याकडनं कुदळ मागून आणली. दहा-बारा पावलं सपाट करेपर्यंत दोन्ही तळव्यांना फोड आले.

मामांनी तंबाखू मळली, चिमूट तोंडात टाकली आणि काठी पुढं दाखवली. "अजून तिकडं वळणावर पण हाय."