मागाच्या खटखटीतला हिपहॉप

चार दिवस झाले कानात एकच कंपायलेशन चालू आहे, लंडनच्या मो वॅक्स या इंडिपेंडंट लेबलचं ‘हेड्झ’, 1994 चं. हिपहॉप असून रॅप जवळपास नाहीच, नुसते बीट्स, आणि त्यात जॅझ, डब (रेगेतनं निघालेला प्रकार), इलेक्ट्रॉनिक असं सगळं एकमेकांत इतकं मुरलंय की याला नेमकं काय म्हणायचं हा प्रश्नच पडत नाही. यात डीजे शॅडो हा अमेरिकन बीटमेकरही आहे, ज्यानं पुढं 1996 चा आपला पहिला अल्बम जवळजवळ सगळा एमपीसी 60 या सॅम्पलरवर, जुन्या रेकॉर्डमधले तुकडे उचलून, जोडून बनवला.

काल सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतनं येत होतो, एका कारखान्याचं दार उघडं होतं, आत पॉवरलूम चालू, आणि मी हेडफोन काढून तिथंच गाडी थांबवली. लहानपणापासून ऐकतोय हो हा आवाज, पण धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारा तो तुकडा, इकडून तिकडं जाताना मधे जी बारीकशी उसंत मिळते ना, ती पहिल्यांदाच कळली, ड्रमचा लूप, म्हणजे परत परत फिरणारा तुकडा, अगदी तसाच श्वास घेतो! फोनवर दोन मिनिटं रेकॉर्ड करून आणलंय. आज रात्री लॅपटॉपवर त्याचे तुकडे करून बघणार, खाली फक्त एक जाड बेस ठेवायचा, बाकी काही नको.