साम्राज्याचा नकाशा दिवसांत मोजा

काल्पनिक साम्राज्यांचे नकाशे पाहताना एक गोष्ट वारंवार खटकते. सात प्रांत, सात रंग. एक वाळवंटाचा, एक बर्फाचा, एक जंगलाचा आणि मधोमध राजधानी. चित्र देखणं असतं, पण त्या राजधानीला धान्य कुठून येतं, सरहद्दीवरच्या बंडाची बातमी किती दिवसांनी पोचते, याचं उत्तर त्यात सापडत नाही. प्रांत ठरतात ते पाऊस, रसद आणि सिंहासनावर बसलेल्याच्या मनातली भीती या तीन गोष्टींतून. त्यांतल्या शेवटच्या दोन तर किलोमीटरमध्ये मोजताच येत नाहीत, त्या दिवसांत मोजाव्या लागतात.

सुरुवात मात्र पावसापासून करायची. कागदावर आधी अक्षांश टाका. एका अंशाला १११ किलोमीटर धरा. विषुववृत्ताजवळ हवा वर चढते म्हणून तिथे पाऊस भरपूर, ३० अंशांच्या आसपास ती खाली उतरते म्हणून तिथे वाळवंटं. ३० अंशांपर्यंत वारे मुख्यतः पूर्वेकडून वाहतात, ३० ते ६० अंशांत पश्चिमेकडून. ओल्या वाऱ्याला आडवा डोंगर आला की एका उतारावर धो धो पाऊस आणि पलीकडे पर्जन्यछाया. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि जवळच, डोंगराखालच्या वाईला हजाराच्याही आत. इतका जवळचा फरक नकाशात दाखवायला कचरू नका. उंचीचा हिशेब सोपा आहे: दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंश सेल्सियसने उतरतं.

नद्यांबाबत दोन चुका सर्रास दिसतात: नदी वाटेत दुभंगते, किंवा एका सरोवरातून तीन नद्या निघतात. पाणी सर्वांत खोल वाट शोधतं, त्यामुळे नद्या एकमेकींना मिळतात, फुटत नाहीत. सरोवरालाही बाहेर पडायला सहसा एकच तोंड असतं. त्रिभुज प्रदेशात फाटे फुटतात ते जमीन जवळजवळ सपाट असते म्हणून. दक्षिण अमेरिकेतली कासिकियारे ओरिनोकोचं थोडं पाणी ॲमेझॉनच्या खोऱ्यात नेते, पण तो अपवाद इतका दुर्मिळ आहे की त्याच्या जोरावर आपला नकाशा उभा करू नये.

आता एक नमुना आखू. ३० ते ४२ अंश उत्तर अक्षांश, पश्चिमेला समुद्र. किनाऱ्यापासून १२० किलोमीटरवर काळकडा नावाची उत्तर-दक्षिण डोंगररांग, उंची तीन हजार मीटर. पश्चिमेचे वारे तिथे रिकामे होतात, म्हणून किनारपट्टी हिरवी आणि पलीकडचं पठार कोरडं, गवताळ. काळकड्याच्या बर्फातून तमाळा नदी निघते आणि पूर्वेकडे १,२०० किलोमीटर वाहत जाऊन समुद्राला मिळते. मधल्या कोरड्या पट्ट्यात शेती कालव्यांवर. पूर्व किनाऱ्याला उन्हाळ्यात समुद्राचा ओलावा मिळतो, त्यामुळे मुखाकडे भातशेती आणि दाट वस्ती. दक्षिणेला वाळवंट.

राजधानी कुठे? पठाराच्या कडेला, डोंगराच्या सावलीत, उंच तटबंदीमागे ती फार शोभून दिसेल. पण हिशेब करून बघा. भरल्या नावा प्रवाहाबरोबर दिवसाला ५० किलोमीटर जातात असं धरू. प्रवाहाविरुद्ध दोर लावून ओढत नेल्या तर १५. पठाराकडचं ठिकाण मुखापासून ९०० किलोमीटर वर असेल, तर सुपीक मुखाकडचा धान्यसारा राजधानीत पोचायला ६० दिवस लागतील. शिडाचा उपयोग नाही, कारण वारा पश्चिमेचा आणि नदीही पूर्वेला वाहते. दोघांचा जोर एकाच दिशेला. नाईलच्या बाबतीत नेमकं उलट घडलं. नदी उत्तरेला वाहते आणि वारा बहुधा उत्तरेकडून येतो. जाताना प्रवाह, येताना शीड. इजिप्त इतक्या लवकर एकछत्री झाला, त्यामागे ही सोय फार मोठी होती असं मला ठामपणे वाटतं.

तेव्हा राजधानी खाली सरकवा: समुद्रापासून १५० किलोमीटरवर, जिथे नदीला फाटे फुटायला लागतात तिथे. आता वरच्या खोऱ्यातलं धान्य २१ दिवसांत आपोआप वाहत येतं आणि मुखाकडचं दहा दिवसांत ओढून आणता येतं. पठारावर राजधानी नसली तरी फौजेचं मुख्य ठाणं राहील, कारण घोड्यांचं गवत तिथेच आहे. पैसा एका टोकाला आणि तलवार दुसऱ्या टोकाला, हा ताण साम्राज्याच्या पुढच्या सगळ्या इतिहासाला पुरतो. तो मुद्दाम घालावा लागला नाही, वाऱ्याच्या दिशेतून निघाला.

शहराचा आकारही असाच तपासा. माणशी वर्षाला अडीचशे किलो धान्य धरलं तर लाखभर वस्तीला २५,००० टन लागतं. कोरडवाहू मुलखात चौरस किलोमीटरला तीस माणसं आणि पिकाचा दहावा हिस्सा बाहेर पाठवण्याजोगा असं मानलं, तर प्रत्येक चौरस किलोमीटर बाहेरच्या तीन माणसांना पोसतो. म्हणजे लाखाच्या शहराला ३३,००० चौरस किलोमीटर मुलूख हवा, त्याची त्रिज्या शंभर किलोमीटरच्या थोडी वर. बैलगाडी दिवसाला १५ किलोमीटर जाते, म्हणजे सात दिवस, जमतं. दहा लाखांच्या शहराला त्रिज्या सव्वातीनशे किलोमीटर होते, गाडीला बावीस दिवस. इथे गणित मोडतं. रोमन सम्राट डायोक्लेशनच्या ३०१ सालच्या दरपत्रकावरून अभ्यासकांनी वाहतुकीचा अंदाज बांधला आहे: समुद्रमार्गे एक खर्च धरला तर नदीने सुमारे पाचपट आणि रस्त्याने पंचवीस पटींहून जास्त. रोमला धान्य इजिप्त आणि उत्तर आफ्रिकेतून जहाजांनी येत होतं, ते याच कारणाने. डोंगरातलं दहा लाखांचं शहर काढायचं असेल, तर त्याला कोण पोसतं हे आधी लिहून ठेवा.

सरहद्द कुठे थांबते हेही रसदच सांगते. खेचर साधारण १०० किलो ओझं नेतं. वाटेत गवत असेल तर खेचराचं धान्य आणि तांडेवाल्याचा वाटा मिळून दिवसाला पावणेतीन किलो जातात. दहा दिवस जाणं, दहा दिवस येणं, यात ५५ किलो संपतात आणि ४५ पोचतात. गवत नसेल तर चाराही पाठीवरूनच न्यायचा, म्हणजे दिवसाला नऊ किलो. पाच दिवसांच्या वाटेवर जाऊन येण्यातच जवळजवळ सगळं ओझं संपतं. दिवसाला २५ किलोमीटर धरले तर ही मर्यादा १२५ किलोमीटर. पाणीही वाहायचं ठरलं तर तीन दिवसांत खेळ आटोपतो. म्हणून आपल्या नमुन्यात दक्षिणेची सरहद्द वाळवंटात एका सरळ रेषेत जाणार नाही. विहिरी आणि कोठारं बांधलेल्या वाटांवर ती बोटांसारखी आत शिरेल आणि मधल्या जागेत साम्राज्य नसेलच.

आता प्रांत. राजधानीपासून समदिवस रेषा, म्हणजे पोचायला सारखेच दिवस लागणारी ठिकाणं जोडणाऱ्या रेषा काढा: पाच, दहा, वीस, चाळीस दिवस. दोन वेगवेगळे संच लागतात, एक निरोपाचा आणि एक फौजेचा. घोडे बदलत जाणारी डाक दिवसाला २०० किलोमीटर जाईल, फौज २०. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने सार्डिस ते सुसा या प्राचीन इराणी राजमार्गावर १११ मुक्काम आणि चालत ९० दिवस नोंदवले आहेत. असे मुक्काम नकाशावर प्रत्यक्ष ठिपक्यांनी दाखवा, कारण पुढे त्यांचीच गावं होतात.

नमुन्यातली पश्चिम किनारपट्टी घेऊ. राजधानीपासून साधारण १,२०० किलोमीटर: डाक सहा दिवसांत, फौज साठ दिवसांत. त्यात काळकड्याच्या खिंडी बर्फामुळे पाच महिने बंद. सुभेदाराने हिवाळ्याच्या तोंडावर बंड केलं, तर बादशहाला बातमी जेमतेम मिळेल आणि फौज वसंतातच निघेल. बरं, चाच्यांशी लढायला त्या सुभेदाराला स्वतःची फौज द्यावीच लागते. अशा ठिकाणी प्रांताची सीमा कशी आखायची?

नवशिका नकाशाकार ती डोंगरमाथ्यावरून काढतो. मी ती पश्चिम उताराच्या पायथ्याशी नेईन आणि खिंडींची दोन्ही तोंडं पठाराच्या सुभ्यात टाकीन. चीनमध्ये मंगोलांच्या युआन राजवटीने हेच केलं: चिनलिंग पर्वताच्या दक्षिणेचा हानचोंगचा मुलूख उत्तरेकडच्या शाआन्शी प्रांताला जोडला, म्हणजे सिचुआनच्या खोऱ्याला स्वतःचा उत्तरेचा दरवाजा उरला नाही. अशी वेडीवाकडी सीमा नकाशावर दिसली की वाचकाला लगेच कळतं, इथे कुणीतरी कुणाला घाबरलं होतं.

भीतीचे दुसरेही उपाय आहेत. अकबराने १५८० मध्ये बारा सुभे केले तेव्हा सुभेदाराकडे फौज आणि बंदोबस्त, तर दिवाणाकडे वसूल. आणि दिवाण केंद्राला जबाबदार. रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस याने इजिप्तवर सिनेटर, म्हणजे रोमच्या वरिष्ठ सभेचा सभासद, नेमलाच नाही, त्याच्याहून खालच्या वर्गातला अधिकारी नेमला. परवानगीशिवाय सिनेटरला तिथे पाऊल टाकायलाही मनाई होती. डायोक्लेशनने सुमारे पन्नास प्रांतांचे शंभराच्या आसपास केले आणि त्यांवर बारा मोठे विभाग बसवले. लहान प्रांतात बंडाला पुरेसा पैसा जमत नाही, पण कारकून आणि त्यांचे पगार वाढतात, ही त्याची किंमत. आपल्या तमाळा खोऱ्याचेही तीन तुकडे करावे लागतील. अख्खं खोरं एका हाती देणं म्हणजे दुसरा बादशहा नेमणं.

खोऱ्यातली सीमा नदीच्या पात्रावरून काढू नका. दोन्ही काठांचे लोक एकाच बाजाराला जातात, एकाच कालव्यावर भांडतात. मधे प्रांत बदलला तर प्रत्येक पाणीतंटा राजधानीपर्यंत जाईल. सीमा पाणलोटाच्या कडेवर, म्हणजे दोन खोऱ्यांमधल्या उंचवट्यावर ठेवा. बाहेरच्या शत्रूसमोरची सरहद्द वेगळी. तिथे रोमन सरहद्दीवरच्या ऱ्हाईन आणि डॅन्यूबसारखी नदी उपयोगी पडते, कारण काठावरच्या ठाण्यांना रसद नावेने पोचते.

प्रांताच्या आत फार खोल जायची गरज नाही. सर्वांत खालचा परगणा एवढाच असावा की कडेच्या गावचा माणूस सकाळी निघून कचेरीत पोचेल; पंधरा किलोमीटर पुरे. प्रांताच्या मुख्य ठाण्यापासून घोडदळ कुठल्याही कोपऱ्यात पाच-सहा दिवसांत पोचावं. प्रत्येक प्रांतात थोडी चांगली जमीन, एक शहर आणि एक अवघड तुकडा ठेवा. नुसत्या वाळवंटाच्या प्रांताला सुभेदाराचा पगारही परवडत नाही.

कडेच्या मुलखाला एकच रंग देऊ नये. मराठ्यांच्या राज्यात स्वराज्य वेगळं आणि जिथून चौथाई व सरदेशमुखी म्हणजे वसुलाचा चौथा आणि दहावा हिस्सा घ्यायचा तो मुलूख वेगळा. तिथे दुसऱ्याचा अंमल चालू असतानाही आपला हक्क चालायचा. नकाशावर असा भाग दोन रंगांच्या तिरप्या रेघांनी भरा आणि बाजूला लिहा: इथे न्याय कोणाचा, वसूल कोणाचा, फौज कोणाची.

राहिली जादू. ती नेमका कोणता दिवस वाचवते ते ठरवा. मांत्रिक क्षणात निरोप पोचवत असतील पण धान्य आणि फौज जुन्याच गतीने जात असतील, तर निरोपाच्या समदिवस रेषा पुसल्या जातात आणि फौजेच्या तशाच राहतात. सुभेदाराला स्वतःच्या मनाने निर्णय घ्यायचं निमित्त उरत नाही, प्रांत मोठे करता येतात, आणि मांत्रिकाची नेमणूक कोण करतं हा दिवाणाइतकाच नाजूक प्रश्न होतो.

ड्रॅगन असतील तर त्यांचं खाणं मोजा. एकाला रोज ४० किलो मांस धरलं तर शंभर ड्रॅगनांना चार टन. एका मेंढीचं १५ किलो मांस मानलं तर रोज जवळपास २७० मेंढ्या, वर्षाला लाखाच्या आसपास. दरवर्षी कळपातला तिसरा हिस्सा कापता येतो असं धरलं तर तीन लाखांचा कळप हवा, आणि कोरड्या कुरणात मेंढीला एक हेक्टर लागतो म्हणून तीन हजार चौरस किलोमीटर गवत. एवढं गवत आपल्या नकाशात फक्त पठारावर आहे. म्हणजे ड्रॅगनही घोडदळाशेजारीच राहणार, आणि खिंडींची दोन्ही तोंडं आपण आधीच पठाराच्या सुभेदाराला देऊन बसलो आहोत. तेव्हा मेंढ्यांचे कळप त्याच्या हुकमाखाली ठेवू नका. त्यांच्यासाठी दिवाणाच्या हाताखाली वेगळं खातं काढा आणि कळपांचं मुख्य ठाणं पठाराच्या पूर्व कडेला, तमाळेच्या घाटावर, राजधानीच्या डाकवाटेवर बसवा.