खालीची मात्रा

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. "गुरुजी, दिवसा शाळा, रात्री भजनात पखवाज. दोन्हींचं जुळतं कुठे?" लोकांना 'लय' असं उत्तर हवं असतं. माझ्या मते जुळतं ते गप्प राहण्यात.

तीनतालाच्या 16 मात्रांत, म्हणजे ठोक्यांत, नववीला 'खाली' म्हणतात. टाळी नाही, हात नुसता बाजूला जातो, पण मात्रा मोजलेली असते. वर्गातली खाली म्हणजे प्रश्न विचारल्यानंतरची शांतता. अमेरिकेतल्या शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांनी 1970च्या दशकात ती मोजली, तेव्हा शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबत होते. तीन सेकंद थांबलं की उत्तरं लांबतात आणि कोपऱ्यातलं पोरही तोंड उघडतं. घड्याळ कशाला बघायचं? मिनिटाला 80 मात्रांची लय धरून मनात 'धा धिं धिं धा' म्हणायचं, की झाले तीन सेकंद. बिघडतं ते तिसऱ्या मात्रेवर. धीर सुटतो आणि आपणच प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारतो, मग पोरांचं पहिल्या प्रश्नावरचं विचार करणं तिथंच तुटतं. दुसरी खाली पोराच्या उत्तरानंतरची. ती तर आपण हमखास खातो. "बरोबर" म्हणायची घाई केली नाही, तर तेच पोर पुढे "कारण" म्हणून बोलू लागतं.

दुसरं जुळतं कोरसात. बुवा ओळ टाकतो, कोरस उचलतो. वर्गात सतराचा पाढा असाच चालतो आणि फसवतोही असाच. सतरा पंचे पंच्याऐंशीपर्यंत सगळे खणखणीत, सतरा सक्क्याला निम्मे नुसते ओठ हलवतात. शेजाऱ्याचं ऐकून बोलणारा अर्धी मात्रा मागे पडतो, म्हणून सगळा पाढा रेंगाळतो. तेव्हा आवाज चढवू नये. चौघांनाच म्हणायला लावावं, बाकीच्यांनी टाळी धरावी. कुठं अडतंय ते लगेच कळतं.

तासाची सुरुवात ठायीतच, म्हणजे संथ लयीतच हवी. डबलबारीतसुद्धा, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यात, पहिल्याच अभंगाला लय चढवली तर शेवटच्या जलद गजराला चढायला जागा उरत नाही.

आणि जुलैत शाळेच्या पत्र्यावर पावसाची सर धडधडली की ओरडून गळा फाडण्यात अर्थ नाही. पखवाजाची धूम, म्हणजे डावी खर्जाची बाजू, घुमेनाशी झाली तर आपण जोरात थापा मारत नाही, तिच्यावर लावलेली कणीक बघतो. सुकली असेल तर ओला हात फिरवतो, जास्त झाली असेल तर थोडी काढतो. तसंच, सर ओसरेपर्यंतच्या वीसेक मिनिटांत खडू घ्यायचा, उदाहरणं फळ्यावर लिहायची आणि तोंड बंद ठेवायचं.